मड्डमचा उन्हाळा

"विमल, बर्फ आला ग! उंबऱ्यातच पाणी हुईल त्याचं, पळ!"

सासूबाईंची हाक आली तेव्हा विमलाच्या हातात भिजवलेला वाळ्याचा पडदा होता. तो तसाच खिडकीच्या खिळ्याला अडकवून ती पदर खोचत दाराकडं धावली. कृष्णात हमालानं खांद्यावरचं पोतं पायरीवर उतरवलं होतं आणि बर्फाला चिकटलेला लाकडाचा भुसा तो पंजानं झाडत होता.

"आज ल्हान तुकडा मिळाला, वैनी. लग्नसराई हाय न्हवं. सगळा बर्फ मांडवात पन्ह्याला चाललाय."

"असू दे. भागवतो तेवढ्यात," विमला म्हणाली आणि तुकडा छातीशी धरून मागच्या खोलीत शिरली.

शाहूपुरीतल्या त्या घरात ती एकच खोली अशी होती, की वैशाखातल्या भर दुपारीही तिथं पाऊल टाकल्यावर अंगावर गार शिरशिरी यायची. पूर्वी तिथं गुळाचे रवे रचून ठेवत. भिंती हातभर जाडीच्या, काळ्या दगडाच्या, आणि खिडकी एकच, तीही उत्तरेला. सासऱ्यांच्या गुळाच्या पेढीसाठी बाजारात मोठं गोदाम घेतल्यापासून खोली रिकामी झाली होती. पण भिंतींतला गुळाचा वास काही गेला नव्हता.

विमलानं बर्फ फोडून पत्र्याच्या डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं, डब्याला फडकं गुंडाळलं आणि तो पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवला. मग आतली तापलेली फरशी काढून तिच्या जागी रांजणाखाली थंड करत ठेवलेली दुसरी सरकवली. कोपऱ्यातून एक राखी गोळा हलला. लांब मिशा थरथरल्या, आणि मड्डम टुणकन उडी मारून फरशीवर येऊन पोट टेकून पसरली.

विमलानं नेहमीप्रमाणे आधी तिचे कान बघितले. कान फिकट होते. म्हणजे आजचा दिवस तरी निभला.

मड्डम ही चिंचिला होती. उंदराहून मोठी आणि सशाहून लहान, खारीसारखी झुबकेदार शेपटी, पातळ गोल कान, आणि अंगावर केस इतके दाट की बोट घातलं तर कातडीपर्यंत पोचू नये. जगाच्या दुसऱ्या टोकाला, उंच थंड डोंगरांत या जनावरांचं मूळ घर. ती कोल्हापुरात आणली विमलाच्या नवऱ्यानं, अमेरिकेहून, बोटीनं.

विमला हुपरीच्या एका जैन कुटुंबातली. घरात चांदीचं काम चालायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी ती या घरात आली आणि वर्षाच्या आतच नवरा, धन्यकुमार, शेतकीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेला. तिथून परत यायला त्याला चार वर्षं लागली. बंदरावर उतरवून घ्यायला गेलेल्या लोकांना त्याच्या सामानात दोन पेट्या जाळीच्या दिसल्या. एकीत नर होता, एकीत मादी. धन्यकुमार त्यांना गमतीनं साहेब आणि मड्डम म्हणायचा. तीच नावं घरात रूढ झाली. महिनाभर शाहूपुरीतलं अर्धं गाव बघायला लोटलं. "एवढं शिकून उंदरं आणली व्हय ह्यानं?" असं बाहेर पडताना जो तो म्हणायचा.

नवऱ्याशी बोलायचं कसं हे विमलाला ठाऊकच नव्हतं. लग्नानंतरच्या त्या वर्षात दोघांचे दिवस एकमेकांना लाजण्यातच संपले होते. आता तो परका, टाय लावणारा, काट्याचमच्याची सवय झालेला. त्यालाही तिच्याशी काय बोलावं हे सुचत नसावं. मग तो जनावरांबद्दल बोलायचा. संध्याकाळी दोघं त्या मागच्या खोलीत पिंजऱ्याशी बसत, आणि तो समजावून सांगे.

"ह्यांना घाम येत नाही, विमल. त्यामुळं नुसत्या पंख्यानं ह्यांना गार वाटत नाही. हवाच गार पाहिजे."

"मग अंगावर पाणी शिंपडलं तर?"

"छे! पाणी अजिबात नाही. एवढे दाट केस, आत ओल राहिली तर कातडी कुजते. आंघोळसुद्धा मातीची घालायची. वस्त्रगाळ माती परातीत ठेव, त्यात लोळतात आपली आपण."

"आणि उन्हाचा त्रास व्हायला लागला, तर कळायचं कसं?"

"कान बघायचे. कान लाल झाले की समज, आत रक्त तापलंय. मग आडवी पडतात, तोंड उघडतात. तोवर थांबायचं नाही. कानांना गार फडकं लावायचं, हळूहळू. एकदम बर्फ नाही."

ती ऐकत राहायची. लग्न झाल्यापासून एवढं सलग बोलणं दोघांत झालेलं हेच. पुढं कित्येक वर्षं, फरशी बदलताना, डब्याला फडकं गुंडाळताना तिला त्याचा आवाज ऐकू यायचा. बायकांना नवऱ्याच्या बोलण्यातलं काहीबाही आठवत असतं. विमलाला हे आठवायचं.

त्याला परत येऊन आठ-नऊ महिने झाले असतील. एके दिवशी जेवताना तिचे सासरे, तात्यासो, सहज म्हणाले, "ह्यांची लोकर कातरायची कवा रे? मेंढरागत वर्सातनं दोनदा काय?"

धन्यकुमार घास हातात धरून थांबला. "कातरत नाहीत, तात्या."

"मग?"

धन्यकुमारनं घास ताटात परत ठेवला. वाढायला उभी असलेली विमला, चुलीपाशी बसलेल्या सासूबाई अक्काताई, सगळ्यांनाच हळूहळू उमगलं. तात्यासोंनी ताट पुढं सरकवलं आणि हात धुतला.

"पाणी गाळून पिणारं घर हे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एरवी पेढीवर चार दुकानं ऐकू जायचा; त्या दिवशी तो चढलाच नाही. "दिवस बुडाल्यावर घास खात न्हाय आपण, का तर किडामुंगी पोटात जाईल म्हणून. आन तू हितं कातड्याचा धंदा काढणार?"

"तिकडं चांगली चांगली माणसं करतात, तात्या. एकेका कोटाला शंभरावर कातडी..."

"गप बस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासोंनी निकाल दिला. जनावरं विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत, वाढवायची तर नाहीतच. दोन पिंजरे वेगळे ठेवायचे. "मुकी जित्राबं हायत. आपल्या दारात आली, आता मरूस्तोवर सांभाळायची. बर्फ लागू दे न्हाईतर काय बी लागू दे."

त्याच आठवड्यात धन्यकुमार निघाला. जाताना तो मागच्या खोलीत आला. "निलगिरीत थंड हवा असते. तिकडं जागा बघतो. कुणाचं काही ऐकावं लागणार नाही. जागा मिळाली की तुला आणि ह्यांना घेऊन जातो." बोलताना तो पिंजऱ्याकडं बघत होता. विमलाही पिंजऱ्याकडंच बघत होती.

सुरुवातीला कार्डं यायची. मड्डम कशी आहे, साहेब खातो का. मग ती थांबली.

दोन उन्हाळ्यांनंतर साहेब गेला. विमला धाकट्या बहिणीच्या लग्नाला हुपरीला गेली होती. साहेब धापा टाकताना बघून अक्काताईंना कीव आली आणि त्यांनी तांब्याभर गार पाणी त्याच्या अंगावर ओतलं. विमला परत आली तेव्हा तो ओल्या केसांत काकडत होता. तिसऱ्या दिवशी गेला. अक्काताई म्हणाल्या, "मी भल्यासाठीच केलं ग." ते खरंच होतं. त्यानंतर उन्हाळ्यात विमला माहेरी गेली नाही. भाऊ न्यायला यायचा आणि रिकामा परत जायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, नवऱ्याची वाट बघत बसलीय. विमला म्हणायची, मड्डमचं कोण बघणार? दोन्ही एकच होतं. तो येईल तेव्हा निदान एक तरी जिवंत दिसायला हवी होती.

तो बर्फाचा लहान तुकडा आला त्याच दिवशी दुपारी अक्काताईंचा भाचा बाबगोंडा कागलहून आला. बटाट्याच्या बियाण्यासाठी तो निलगिरीत जाऊन आला होता. पाणी पिऊन झालं तरी तो खाली मान घालून बसला होता. शेवटी तात्यासोंनीच विचारलं, "काय रं? तोंड का पडलंय?"

"मामा, कुन्नूरला गेलतो मी. तिथं धन्यकुमार भेटला."

अक्काताई चटकन पुढं झाल्या. "बरा हाय?"

"बरा हाय. चहाच्या मळ्यावर नोकरी हाय. बंगला दिलाय." बाबगोंडा टोपी मांडीवर ठेवून तिची कड चाचपत राहिला. "घरात बाई हाय, आत्ती. तिकडचीच. पोरगी हाय, चालती-बोलती. मला वळखलं त्यानं. च्या दिला. तात्या कसं हायत, आई कशी हाय, इचारलं."

दाराआड उभी असलेली विमला बाहेर आली. पावण्यांसमोर ती कधी तोंड उघडायची नाही. आज तिनं उघडलं.

"मड्डमचं काय विचारलं त्यांनी?"

बाबगोंडानं वर बघितलं. "कोण मड्डम?"

"काय न्हाय," विमला म्हणाली आणि रिकामा तांब्या उचलून आत गेली.

बाहेर अक्काताईंचा हुंदका फुटला. "त्या उंदरांनी माझं प्वार घालवलं! ती आणली न्हसती तर गेला न्हसता. आन तुम्ही! हाकलून दिलासा तुम्ही त्याला! नवसाचं प्वार माझं!"

तात्यासो ऐकून घेत होते. नेहमी ते म्हणायचे, बाई, हळू बोल, पेढीवर माणसं हायत. त्या दिवशी त्यांनी तेवढंही म्हटलं नाही. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जैन बस्तीत दर्शनाला गेले आणि देवळाच्या पायरीवरच कोसळले. कृष्णातनं आणि आणखी दोघा हमालांनी त्यांना गुळाच्या हातगाडीवर घालून घरी आणलं. उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिना चढवू नका, उन्हाच्या झळा लागू देऊ नका, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. सगळ्यांनी विमलाकडं बघितलं. तिनं मागची खोली झाडायला घेतली.

पहिले दोन दिवस पिंजरा त्याच खोलीच्या कोपऱ्यात राहिला. तात्यासो पडल्या पडल्या डाव्या डोळ्यानं मड्डमकडं बघत राहायचे. ती परातीतल्या मातीत लोळायला लागली की त्यांच्या तोंडाचा चांगला अर्धा भाग हसायचा. पण त्या मातीचा धुरळा खोलीभर तरंगायचा आणि तात्यासोंना खोकल्याची उबळ यायची.

"हे काय आहे?" डॉक्टर चिडले. "ही धूळ छातीत गेली तर न्यूमोनिया होईल. आजच्या आज हलवा ते."

"असू... दे," तात्यासो म्हणाले. त्यांचं बोलणं आता फक्त विमलाला समजायचं. "असू दे... हितंच."

"न्हाय मामा," विमला सासऱ्यांना म्हणाली. "मी वर नेतो तिला."

वरच्या माळ्याला पत्रे होते. कृष्णातनं गाडीभर उसाचा पाला आणून पत्र्यावर अंथरला, वर पोती टाकली. विमला कळशीनं पाणी नेऊन पोती भिजवायची. तास-दीड तासात ती वाळून कडकडीत व्हायची. त्यातच वळवाचं आभाळ येऊ लागलं. पाऊस पडायचा नाही, नुसतं कोंदायचं. अशा हवेत पाणी मारलं की खोलीत वाफ धरायची. विमलानं पोती भिजवणं बंद केलं आणि दिवसभर फरश्या खालीवर करत राहिली. एक रांजणाखालून काढून वर न्यायची, तापलेली खाली आणायची. मधेच तात्यासोंचं औषध, त्यांची कूस बदलणं, त्यांना भरवणं. अक्काताईंना त्यांच्यापुढं बसलं की रडू फुटायचं, आणि मग तात्यासो तोंड मिटून घ्यायचे. घास ते फक्त विमलाच्या हातचा घेत.

मग त्यांना ताप चढला. डॉक्टरांनी डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवायला सांगितली. विमला मोरीपाशी बसून बर्फ फोडत होती. पिशवी भरली. एक ओंजळभर तुकडा उरल्यासारखा वाटला, तो तिनं वाटीत घातला आणि जिन्याकडं वळली. समोर अक्काताई उभ्या होत्या.

"माणसाच्या डोक्यावरचं काढून उंदराला नेतीस?"

विमलानं वाटीकडं बघितलं. मग पिशवीचं तोंड सोडलं आणि तुकडा पिशवीत टाकला.

वर मड्डम आडवी पडली होती. कानांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. विमलानं स्वतःच्या पदराचं टोक रांजणातल्या पाण्यात बुडवून, पिळून, तिच्या कानांना लावलं. ऊन उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. खालून तात्यासोंची घुसमटलेली हाक आली तेव्हाच उठली.

कालिंदीबाईंची आठवण तिला त्याच संध्याकाळी झाली. कालिंदीबाई पूर्वी शेजारीच राहायच्या, आता पन्हाळ्याच्या शाळेत मास्तरीण होत्या. गावात आल्या की भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, "विमल, आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा रात्री गोधडी लागते बघ." कृष्णातच्या हाती निरोप पाठवला. उत्तर आलं: खुशाल घेऊन ये, पाऊस सुरू होईपर्यंत ठेवू.

विमला तात्यासोंच्या उशाशी बसली. "मामा, मड्डमला पन्हाळ्याला नेऊ? हितं जगणार न्हाय ती."

तात्यासोंनी नजर छताकडं वळवली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानाकडं गेलं.

"ने," ते म्हणाले. "मरू... देऊ नगंस."

"सांजच्या आत येतो. जेवायच्या वक्ताला हितंच असतो मी."

पहाटेच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. बांबूची झाकणाची बुट्टी, तळाला फरशी, बाजूला फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा डबा. त्या दिवशी अक्काताईंनीच कृष्णातला जास्तीचा बर्फ आणायला सांगितला होता. विमलाला ते मागून कळलं. पण पहाटे तात्यासोंना धाप लागली. डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते यायला उजाडून वर ऊन आलं. त्यांनी सुई टोचली, धाप बसली, तात्यासोंना झोप लागली. तोवर सकाळच्या दोन्ही गाड्या गेल्या होत्या.

"उद्या जा की," अक्काताई म्हणाल्या.

विमला वर जाऊन मड्डमला बघून आली. "उद्यापर्यंत जगायची न्हाय ती, आत्ती."

पुढची गाडी ऐन दुपारची. स्टँडवर कंडक्टरनं बुट्टीकडं बोट केलं. "काय हाय त्यात? कोंबडी हाय काय?"

"चिंचिला हाय."

"काय ला?"

"विलायती जनावर हाय. आजारी हाय."

"आजारी हाय तर दवाखान्यात न्या की. गाडीत का?" असं म्हणून त्यानं तिकीट फाडलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढच्या बाकावरच्या एका पाटलाला उठवलं. "पावणं, तुमी मागं बसा जरा. बाईस्नी सावलीकडची जागा द्या."

पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवरून थोडी गार झुळूक आली. विमलानं झाकण किलकिलं केलं. मड्डम फरशीवर पोट टेकून होती, मिशा हलत होत्या. कान लाल होते, पण तोंड मिटलेलं होतं. वाटेतलं केर्ली गाव मागं पडलं. डोंगर दिसायला लागला. माथ्यावर तटबंदीची रेघ दिसत होती. आता घाट चढला की झालं, असं विमला मनात म्हणत होती.

घाटाच्या पायथ्याशी गाडीच्या तोंडातून वाफ उसळली आणि गाडी थांबली.

"उतरा! उतरा समदी! पाणी खवळलंय!" ड्रायव्हर ओरडला. तो आणि कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला खालच्या मळ्याकडं गेले. विहीर लांब होती. माणसं रस्त्याच्या कडेला एका बाभळीच्या विरळ सावलीत दाटीवाटीनं उभी राहिली. विमला बुट्टी घेऊन उतरली. डब्यातला बर्फ वितळून गेला होता, आतलं पाणीही कोमट झालं होतं. फरशीला हात लावला तर ती अंगापेक्षा गरम.

तिनं झाकण काढलं. मड्डम कुशीवर पडली होती. तोंड उघडं होतं, हनुवटीखालचे केस लाळेनं भिजले होते, आणि कान रक्त फुटेल असे लालभडक.

"अगं बया! काय ग हे?" एक म्हातारी वाकून बघू लागली. "ऊन लागलंय त्याला. पाणी मार की अंगावर!"

"नगं, पाणी न्हाय चालत."

"मग हा घे, कांदा घे." म्हातारीनं ओच्यातून कांदा काढून बुक्कीनं फोडला. "नाकाला लाव त्याच्या."

विमलानं जन्मात कांद्याला हात लावला नव्हता. तिनं तो घेतला आणि मड्डमच्या नाकाशी धरला. मड्डमनं मान किंचित बाजूला केली. कुणी तरी आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. विमलानं रुमाल भिजवून, पिळून, कानांना लावला, मग इवल्याशा पायांच्या तळव्यांना. रुमाल लगेच गरम व्हायचा. ती पुन्हा भिजवायची. पाटील आपला फेटा सोडून दोन्ही हातांनी वर पसरून उभा राहिला आणि तिच्यावर सावली धरली. कुणी वारा घालत होतं. वाऱ्यानं काही होत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं नको म्हटलं नाही.

मड्डमच्या अंगातून एकदा झटका गेला. नंतर दुसरा. मग तिच्या मिशा थांबल्या.

विमला रुमाल भिजवतच राहिली. म्हातारीनंच शेवटी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे आता, बाई. गेलं ते."

ड्रायव्हर पाणी घेऊन आला. गाडी सुरू झाली. कंडक्टर तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वैनी, खाली जाणारी गाडी आता यील. तुमास्नी परत जायाचं असंल तर थांबा हितं."

विमलानं मान हलवली आणि बुट्टी घेऊन पुन्हा चढली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर हवा बदलली. तिसऱ्या वळणावर बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले. खिडकीतून भणाणणारा गार वारा येत होता. मांडीवरच्या बुट्टीत हात घातला तर ते दाट केस अजून उबदार होते.

कालिंदीबाई थांब्यावर उभ्या होत्या. विमलाचा चेहरा बघून त्यांनी पुढं होऊन बुट्टीचा एक कान धरला. त्यांच्या घरामागं फणसाचं झाड होतं. त्याखाली दोघींनी मिळून खड्डा खणला. खुरपं एकच होतं, म्हणून विमलानं माती हातांनीच उकरली.

"रात्रीची राहा विमल," कालिंदीबाई म्हणाल्या. "राहा दोन दिवस. तुला तरी कुठं थंड हवा मिळालीय इतक्या वर्षांत? आणि आता तिथं काय आहे तुझं?"

विमलानं दरीकडं बघितलं. खाली पसरलेल्या उन्हात कोल्हापूर धुरकट दिसत होतं. हुपरीला भावाचं घर होतं. तिथं दिवसभर चांदी वितळवायची भट्टी पेटलेली असायची. कुन्नूरला एक बंगला होता.

"मामा जेवायचे ऱ्हायल्यात," ती म्हणाली.

परतीची गाडीही रखडत आली. शाहूपुरीत पोचली तेव्हा दिवे लागले होते. ती तशीच मागच्या खोलीत गेली. उशाशी झाकलेलं ताट होतं. तात्यासो जागे होते.

"जेवला न्हाईसा, मामा?"

त्यांनी डावा हात खिडकीकडं केला. बाहेर अंधार पडला होता. दिवस बुडाल्यावर ते पाण्याचा थेंबही घेत नसत. "तू... येतो म्हणलीस," ते म्हणाले. मग, "पोचली?"

"पोचली, मामा."

"गार... हाय?"

"लई गार हाय. रात्री गोधडी लागती म्हणं."

तात्यासोंनी डोळे मिटले. छातीवरचा त्यांचा हात जरा सैल पडला. "बरं झालं," ते पुटपुटले. "एक तरी... सुटली."

विमलानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप होता. तिनं झाकलेलं ताट उचललं, त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि स्वयंपाकघरात आली. ताट ठेवून ती मोरीपाशी गेली. अक्काताई चुलीपुढून उठल्या. त्यांनी दारातली रिकामी बुट्टी बघितली, मग विमलाचे हात बघितले. त्यांनी कळशी उचलली आणि तिच्या हातांवर पाणी धरलं.

विमलानं हात धुतले आणि पदराकडं नेले.

"थांब," अक्काताई म्हणाल्या आणि पुन्हा पाणी ओतू लागल्या. "नखांत माती हाय. नीट काढ ती. सकाळी घास भरवताना त्यास्नी दिसंल."